‘क्वेक’ खेळातील प्रमाद व प्रमाण

१९९६ च्या जून महिन्यात इड सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीने ‘क्वेक’ हा संगणकीय खेळ प्रसिद्ध केला. त्यातील वेगमर्यादा खेळाडूच्या एकंदर वेगास लागू नव्हती. ज्या दिशेने जाण्याचा तो संकेत देई, त्या दिशेपुरतीच ती मोजली जाई. त्यामुळे हवेत असता तिरप्या दिशेचा संकेत देत गेल्यास वेग वाढत जातो, हे खेळाडूंनी हेरले. प्रमाद रचनेचा होता. अभ्यासाने त्याचे कौशल्य झाले. शिवाय खेळाचे नियम ‘क्वेक-सी’ या भाषेत लिहून खुले ठेवले असल्यामुळे ‘टीम फोर्ट्रेस’सारखी रूपांतरे त्याच वर्षी जन्मास आली.

‘क्वेक ३’ (१९९९) मध्ये मात्र प्रश्न निराळा झाला. वेगाचे आकडे पूर्णांकात आणताना पडणाऱ्या फरकामुळे सेकंदास १२५ चित्रे दाखविणाऱ्या यंत्रावर उडी अधिक उंच जाई. म्हणजे सरस यंत्र बाळगणारा केवळ यंत्राच्या बळावर वरचढ ठरे. पुढील सुधारित आवृत्तीत सर्वांस एकच कालमान लावण्याची ऐच्छिक सोय झाली. हे कालमान मुळात ८ सहस्रांश सेकंदांचे, म्हणजे नेमके १२५ चित्रांचेच, ठेवलेले होते. दोष काढून टाकण्याऐवजी तो सर्वांस सारखा वाटून दिला गेला. भाषेतील अपभ्रंशही शिष्टसंमत होतो तो याच वाटेने. मात्र तत्पूर्वी तो सर्वांच्या आवाक्यातील व्हावा लागतो.