तळघरांतील चाळीस वर्षें

जुना तांदूळ, जुना गूळ आणि जुनें तूप यांची थोरवी आपल्याकडील वडीलधाऱ्या बायकांना कोणीं शिकवावी लागत नसे. वैद्यकांत तर पुराणघृताला स्वतंत्र मान आहे. पश्चिमेकडे, विशेषतः फ्रान्स व इंग्लंड या देशांत, हाच मान तांबड्या द्राक्षमद्याला मिळाला. परंतु त्यांत एक मौज आहे. मद्य जुनें झालें म्हणजे सुधारतेंच असें नाहीं. बहुतेक मद्य थोड्या वर्षांतच उतरणीला लागतें. जें प्रारंभीं उग्र, तुरट व जिभेला खरखरीत लागतें, तेंच पुष्कळदां दीर्घायुषी ठरतें. अशा एका मद्याची, आणि घरच्या तळघरांतून तें काढून चाखणाऱ्या एका शिक्षकाची ही हकीगत आहे.

फ्रान्सच्या आग्नेय भागांतून ऱ्होन नदी भूमध्य समुद्राकडे वाहत जाते. तिच्या डाव्या तीरावर तँ नांवाचें लहानसें गांव असून त्याच्या पाठीशीं दक्षिणेकडे तोंड करून एक टेकडी उभी आहे. द्राक्षमळ्यांचें सारें क्षेत्र दीडशे हेक्टरही भरत नाहीं. उतार इतका उभा कीं, माती राहावी म्हणून दगडी बांध घालावे लागतात. माथ्यावर एक चिमुकलें प्रार्थनामंदिर आहे. इ. स. १२२४ च्या सुमारास धर्मयुद्धांतून परतलेला गास्पार द स्तेरिंबेर नांवाचा सरदार येथें संन्यस्त होऊन राहिला, अशी आख्यायिका आहे. म्हणून टेकडीला एर्मिताज, म्हणजे विरक्ताची मठी, हें नांव पडलें. इंग्रजांनीं त्याचें हर्मिटेज केलें.

याच आख्यायिकेला दुसरें एक शेपूट जोडलेलें आहे. त्या सरदारानें इराणांतील शिराझहून वेल आणला, आणि त्यावरून येथील द्राक्षाला सिरा हें नांव मिळालें, असें सांगत. सादी व हाफिज यांचें गांव म्हणून शिराझ ज्यांना ठाऊक, त्या आपल्याकडील जुन्या फारसीच्या पंडितांना ही गोष्ट फार गोड वाटली असती. परंतु १९९८ सालीं शास्त्रज्ञांनीं वेलींच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी केली, तेव्हां सिराचे आईबाप आग्नेय फ्रान्समधीलच निघाले: दुरेझ आणि मोंदुझ ब्लांश. आख्यायिका गेली, नांव राहिलें. आज नाशिककडील मळ्यांतही ही जात शिराझ याच नांवानें लाविली जाते.

या द्राक्षाचा रस रंगानें गडद व अंगानें भारी. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बोर्दोचे व्यापारी आपल्या पातळ मद्याला भर यावी म्हणून त्यांत हर्मिटेज मिसळीत, आणि गिऱ्हाइकापासून तें लपविण्याचीही त्यांना गरज वाटत नसे. आजच्या कायद्यांत हें बसणार नाहीं.

मद्य घरांत वर्षानुवर्षें ठेवतां येऊं लागलें, याचें श्रेय बाटलीला आहे. सतराव्या शतकांत इंग्लंडांत दगडी कोळशाच्या भट्टींत जाड, मजबूत कांच होऊं लागली. तिला बूच मिळालें. आणि अठराव्या शतकांत सरळ बाजूंची बाटली निघाल्यावर ती आडवी रचून ठेवतां येऊं लागली. आडवी ठेवण्यांत हेतु इतकाच कीं, बूच ओलें राहावें. तें सुकलें कीं आकसतें, आणि हवा आंत शिरून मद्य आंबतें. बंद बाटलींत तुरट द्रव्यें आणि रंगद्रव्यें हळूहळू एकमेकांशीं जुळतात, जड होतात व तळाशीं बसतात. जांभळा रंग विटेसारखा होतो, कडवटपणा ओसरतो, फळाचा वास जाऊन त्याच्या जागीं कातड्याचा, ओल्या पानांचा, मसाल्याचा वास येतो. यासाठीं तळघर अंधारें, हिंदकळ्यांपासून दूर आणि बारा-तेरा अंश उष्णमानाचें असावें. आपल्याकडे शेतकरी जोंधळ्याचें पेंव ज्या काळजीनें लिंपीत असे, तीच काळजी येथें लागते.

आतां तो शिक्षक. जॉर्ज सेंट्सबरी यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८४५ रोजीं साउथॅम्प्टन येथें झाला. ऑक्सफर्डहून बाहेर पडल्यावर त्यांनीं मँचेस्टर, गर्न्सी बेट आणि स्कॉटलंडांतील एल्जिन येथें शाळांतून शिकविलें. १८७६ नंतर लंडनमध्यें वृत्तपत्रांत लेखन केलें. आणि १८९५ पासून १९१५ पर्यंत ते एडिंबरो विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक होते. त्यांचे इंग्रजी वाङ्मयाचे इतिहास आपल्याकडील महाविद्यालयांतही वाचले जात. छंदःशास्त्रावर तीन खंड लिहिणारा हा माणूस आपल्या तळघरांत काय आलें आणि काय गेलें याची वहीही ठेवीत असे.

त्या वहींतील एक नोंद हर्मिटेजची आहे, १८४६ सालच्या पिकाची. म्हणजे मद्य त्यांच्याहून एकाच वर्षानें लहान. तें त्यांनीं चाखलें तेव्हां त्याला चाळीस वर्षें झालीं होतीं. फ्रेंच मद्यांत याहून मर्दानी मद्य आपण पाहिलें नाहीं, असा त्यांचा अभिप्राय पडला. येथें एक गोष्ट विसरूं नये. १८६८ पूर्वीं सेंट्सबरींना पगारच नव्हता; त्या बाटलीचीं पहिलीं वीस-बावीस वर्षें दुसऱ्याच कोणीतरी राखलीं होतीं. कोण्या अनामिक वाण्यानें वा गृहस्थानें ती फोडण्याचा मोह आवरला, म्हणून ती येथवर आली.

अशी बाटली उघडण्याची रीतही सावकाश. आदल्या दिवशीं ती उभी करून ठेवावयाची, म्हणजे गाळ तळाशीं बसतो. मग बूच काढून मानेखालीं मेणबत्ती धरावयाची, आणि बाटली न हलवितां दुसऱ्या पात्रांत एकाच धारेनें ओतावयाचें. मानेशीं गाळाची काळी रेघ दिसली कीं हात थांबवावयाचा. मागें उरतें तें सोडून द्यावें लागतें.

त्या चाळीस वर्षांत फ्रान्समध्यें राजा गेला, प्रजासत्ताक आलें, तें जाऊन सम्राट आला, आणि जर्मनांकडून पराभव होऊन पुन्हां प्रजासत्ताक आलें. पण द्राक्षमळ्यांवर याहून मोठें संकट कोसळलें होतें. अमेरिकेहून आणलेल्या वेलींबरोबर फायलॉक्सेरा नांवाची, माव्याच्या जातीची एक बारीक कीड आली. १८६३ च्या सुमारास ऱ्होनच्या खालच्या खोऱ्यांत वेली कारणावांचून सुकूं लागल्या. १८६८ सालीं प्लांशों या शास्त्रज्ञानें मुळें उपटून पाहिलीं, तेव्हां कीड सांपडली. सरकारनें तीन लाख फ्रँकांचें बक्षीस लाविलें. तें कोणालाच मिळालें नाहीं. १८७५ सालीं देशांत सुमारें ८ कोटी ४५ लाख हेक्टोलिटर मद्य निघालें होतें, तें १८८९ सालीं २ कोटी ३४ लाखांवर आलें. हर्मिटेजची टेकडीही सुटली नाहीं. शेवटीं, ज्या अमेरिकेनें रोग दिला तिच्याच वेलींच्या खुंटावर फ्रेंच डोळा बांधून कलमें करावीं लागलीं. मद्याचा स्वाद त्यामुळें बदलला कीं नाहीं, हा वाद रसिकांत अजून चालतो. एवढें खरें कीं, सेंट्सबरींच्या पेल्यांतील रस स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या वेलींचा होता.

पुढें प्रकृतीमुळें त्यांना तळघर मोडावें लागलें. वही मात्र हातीं होती. तिच्या आधारें १९२० सालीं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं आपल्या तळघराच्या टिपणांचें छोटेखानी पुस्तक काढलें. त्याच वर्षीं जानेवारींत अमेरिकेंत दारूबंदी अंमलांत आली होती. पुस्तकांत बंदीवाल्यांवर कडक शेरे आहेत. त्यांचे सर्वच युक्तिवाद पटतात असें नाहीं. संसार बुडविणारी दारू आणि चाळीस वर्षें जपलेली बाटली यांतील भेद त्यांना फार सोपा वाटला, कारण त्यांच्या घरीं दुसरीच होती. परंतु या मद्यांवर खर्चिलेल्या पैशाची आपणांस लाज वाटत नाहीं, हें त्यांनीं मोकळेपणें लिहिलें. इतिहासग्रंथांहून हेंच पुस्तक लोक अधिक वाचूं लागले.

१९३१ सालीं लंडनमधील चाहत्यांनीं त्यांच्या नांवानें भोजनमंडळ काढलें. ते स्वतः तेव्हां शहाऐंशीच्या घरांत होते, आणि त्या पंक्तीला ते कधींच बसले नाहींत. २८ जानेवारी १९३३ रोजीं बाथ येथें त्यांचा अंत झाला.