जुन्या स्पीड बोटीला नवा रंग देताय? आधी तळ ठोकून बघा, मगच डबा उघडा

बामणोली-तापोळा : शिवसागर जलाशयात वासोट्याला जाणाऱ्या लाँचेसबरोबर आता फायबरच्या स्पीड बोटीही बऱ्याच झाल्या आहेत. यातल्या काही पाण्यावरच्या स्कीइंगसाठी बनलेल्या जुन्या बोटी, दुसऱ्या-तिसऱ्या हातातून इकडे आलेल्या. दहा-पंधरा वर्षं उन्हात उभ्या राहिल्या की रंग उडतो, हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. पर्यटक चकचकीत बोट बघून बसतो, त्यामुळे हंगामाआधी रंग मारायची घाई होते. बरेच जण हार्डवेअरच्या दुकानातून ऑइल पेंट आणून दोन हात मारून मोकळे होतात. तो रंग पाण्याखाली एक हंगामही धड टिकत नाही, आणि त्याच्याखाली काय कुजतंय हे झाकलं जातं ते वेगळंच.

रंग की फक्त पॉलिश?

फायबर बोटीच्या बाहेरचा चकचकीत थर हा रंग नसतो, त्याला जेलकोट म्हणतात. तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, म्हणजे दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवल्यावर होईल तेवढा. उन्हानं त्याचा वरचा पापुद्रा मरतो, पण खालचा बहुतेक वेळा शाबूत असतो. म्हणून आधी हातभर जागा घ्या. ८०० नंबरचा वॉटर पेपर पाणी घालून फिरवा, मग १००० आणि १५००, नंतर गाडीचं रबिंग कंपाउंड. तिथे चमक आली तर रंगाची गरजच नाही. चार दिवसांची मेहनत आणि मेणाचं पॉलिश एवढ्यावर काम भागतं. घासताना खालची जाळी किंवा वेगळा रंग दिसू लागला तर थांबा, तिथे जेलकोट संपलेला आहे.

आतून पोकळ झालीय का?

हे काम कोणी करत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. बोट पाण्याबाहेर काढा. दगडावर टेकवू नका, तळाला एकाच जागी भार येऊन तडा जातो. जुने टायर किंवा वाळूच्या गोण्या लावा. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं वीत-वीत अंतरावर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत किंवा लाकूड भिजलंय, तिथे खडूनं गोल करा.

मागची फळी, जिच्यावर इंजिन लटकतं, ती तर नक्कीच ठोका. जुन्या बोटींत तिच्या आत प्लायवूड असतं. नटबोल्टच्या भोकातून पाणी आत जातं आणि ते आतल्या आत कुजतं. बोल्ट ढिला केल्यावर तांबूस पाणी पाझरलं, तर रंगाचा विषय तिथेच बंद. आधी फळी बदलून घ्या. कुजलेल्या फळीवर इंजिन पूर्ण ताकदीनं चालवलं तर ते फळीसकट सुटू शकतं, आणि त्या वेळी बोटीत कोणाची तरी पोरंबाळं बसलेली असतात.

बोट रिकामी असताना मागून पूर्वीपेक्षा खाली बसत असेल तर फळ्यांखालचा फोमही पाणी प्यायलेला असू शकतो. अशी बोट कागदावर आठ माणसांची असली तरी पाण्यात ती आठाची राहत नाही.

तळाला फोड दिसले तर ते बारा महिने पाण्यात राहिल्याचं लक्षण. गोड्या पाण्यात हे जास्त होतं. पाणी जेलकोटमधून हळूहळू आत शिरतं आणि आतल्या रसायनात मिसळतं. फोड फोडला की आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो. फोडताना चष्मा लावा, पाणी दाबानं उडतं. फोड खरवडून स्वच्छ पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवा आणि काही आठवडे वाळू द्या. वाळलं का ते बघायला प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावून एक दिवस ठेवा. आतून दव धरलं तर अजून ओलं आहे.

काम कधी काढायचं?

इथेच खरी अडचण आहे. कोरडी हवा मार्च ते मेमध्ये, आणि कमाईही मेमध्येच. पावसाळ्यात बोट रिकामी असते, पण आपल्याकडच्या पावसात शेडमध्येसुद्धा काही वाळत नाही. दिवाळीनंतर सकाळी धुकं आणि दव. माझ्या मते परीक्षांचा काळ, म्हणजे फेब्रुवारीचा शेवट ते मार्च, हाच धरावा. गिऱ्हाईक कमी असतं, ऊन असतं, पाणीही उतरायला लागलेलं असतं. हप्ता चालू असेल तर दोन बोटीवाल्यांनी आळीपाळीनं काम काढावं, धंदा पूर्ण बंद पडत नाही.

घासणं आणि भरणं

आधी साबणानं धुवा, मग थिनरच्या फडक्यानं जुनं मेण काढा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुसा. पाणी ओतून बघा. थेंब थेंब वेगळे झाले तर मेण अजून आहे, पाणी सलग पसरलं तर निघालं. मेण न काढता घासलं तर ते ओरखड्यांत जाऊन बसतं आणि वरचा रंग तिथून सुटतो.

केसासारखे बारीक तडे नुसते भरू नका. ते व्ही आकारात थोडे उघडा, तेव्हाच आत माल जातो. खोल जखम असेल तर कडा लांबवर उतरत्या घासून चॉप मॅटचे थर रेझिननं बसवा. पाण्याखालच्या भागाला गाडीची लांबी वापरू नका, ती पाणी पिते. तिथे इपॉक्सीची पुट्टी लागते. मात्र इपॉक्सीवर जेलकोट नीट धरत नाही, म्हणून वर काय लावणार हे आधीच ठरवा.

फायबरची धूळ अंगाला खाजते आणि फुप्फुसात जाते. पूर्ण बाह्या, चष्मा, चांगला मास्क हवा. खाली ताडपत्री अंथरा, धूळ गोळा करा, धरणात जाऊ देऊ नका. आणि गोठ्याच्या, कडब्याच्या जवळ ग्राइंडर लावू नका. वैरणीवर बसलेली काचेची धूळ जनावराच्या तोंडात जाते.

जेलकोट की पीयू पेंट?

जेलकोट जाड बसतो, घासाघीस सोसतो. सोळा फुटी बोटीचं बाहेरचं अंग साधारण १२ चौरस मीटर धरलं, तर अर्धा मिलिमीटर थराला चौरस मीटरला ६०० ग्रॅम, म्हणजे सात किलोच्या वर माल. वाया जाणारा धरून आठ-नऊ किलो घ्या. किलोला १० ते २० मिली हार्डनर लागतं. उन्हात पंधरा मिनिटांत गोठायला लागतं, म्हणून थोडं थोडं कालवा. साधा जेलकोट हवेत वरून चिकट राहतो, शेवटच्या हातात मेणाचं द्रावण मागून घ्या.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. रेझिनबरोबर कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन बाटल्या मिळतात. या दोन्ही एकमेकांत थेट कधीही ओतायच्या नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. चोळू नका, निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि थेट दवाखाना गाठा.

दोन डब्यांचा पीयू पेंट दिसायला देखणा आणि लावायला सोपा. एकानं रोलर फिरवायचा, मागून दुसऱ्यानं कोरड्या ब्रशनं हलके सपाट करत जायचं. आधी इपॉक्सी प्रायमर हवाच. लिटरला साधारण १० चौरस मीटर एक हात होतो. पण बरेच पीयू पेंट कायम पाण्यात बुडून राहायला बनलेले नसतात, फोड धरतात. बोट रोज वर ओढत असाल तर चालेल, बारा महिने पाण्यात असेल तर पाणरेषेखाली इपॉक्सीचेच थर द्या. पीयू फवाऱ्यानं मारणं घरी नकोच. त्याची वाफ दम्यासारखा त्रास देते आणि कापडी मास्क काही अडवत नाही.

समुद्रातल्या बोटींना शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून तांब्याचा विषारी रंग लावतात. दुकानदार देईल, पण घेऊ नका. धरणाचं पाणी माणसं पितात, त्यात मासे आहेत. आपल्याकडचं शेवाळ ब्रशनं निघतं.

शेवटच्या हातानंतर आठवडाभर बोट पाण्यात घालू नका. नोंदणी क्रमांक आणि प्रवासी संख्या पुन्हा ठळक लिहा, रंगात ती पुसलेली असते. आणि पाण्यात उतरवण्याआधी तळाचं बूच लावलंय का ते हात लावून बघा.