पाळी अनियमित आणि दिवस राहत नाहीत? आधी हार्मोन्स तपासा

लग्नाला वर्ष उलटले की घरात विचारणा सुरू होते आणि दोन वर्षांनी सुनेकडे बोट दाखवले जाते. मग नवस, गंडेदोरे यांत आणखी काही वर्षे जातात. अनेकींच्या बाबतीत अडचण हार्मोन्सची असते आणि ती रक्ततपासणीत कळते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतील एफएसएचमुळे अंडाशयात बीज वाढते. एलएच वाढले की साधारण दीड दिवसात ते बाहेर पडते. ही साखळी तुटली की पाळी लांबते, बीज सुटत नाही.

सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे पीसीओएस. सोनोग्राफीत दिसणाऱ्या 'गाठी' ऐकून बाया घाबरतात, पण त्या गाठी नव्हेत. ती अर्धवट वाढून थांबलेली बीजे असतात, कापून काढायची नसतात. यात बहुतेकींच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, त्यामुळे ते वाढते आणि अंडाशय पुरुषी हार्मोन्स जास्त बनवते. पाळी 35 दिवसांपेक्षा लांबणे, हनुवटीवर राठ केस, मुरुम, मानेवर काळपट जाड त्वचा ही लक्षणे. सडपातळ मुलींनाही हा त्रास होतो. वजन जास्त असेल तर ते 5 ते 10 टक्के घटले तरी अनेकींची पाळी सुधारते. बीज सुटण्यासाठी डॉक्टर बहुधा आधी लेट्रोझोल देतात. ही गोळी स्वतःहून दुकानातून आणून घेऊ नये.

थायरॉईड कमी असेल तर बीज सुटण्यात अडथळा येतो, गर्भपाताचा धोकाही वाढतो. त्यासाठी टीएसएच तपासतात. दिवस राहिल्यावर थायरॉईडची गोळी बंद करू नये. उलट तेव्हा डोस बहुधा वाढवावा लागतो.

प्रोलॅक्टिन वाढल्यास बाळ नसतानाही स्तनातून दूध येऊ शकते, पाळी थांबते. अॅसिडिटीच्या अनेक गोळ्यांत असलेल्या डोम्पेरिडॉनमुळेही ते वाढते. म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवा.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करावी. वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. पाळी अनियमित असेल तर तेवढेही थांबू नये. आणि पतीची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत सांगून घ्यावी. ती स्वस्त आहे, सुईसुद्धा टोचावी लागत नाही, तरी ती सर्वात शेवटी होते.