२०१६ इंडियन प्रीमियर लीग पाणीवापर वाद

२०१६ इंडियन प्रीमियर लीग पाणीवापर वाद हा महाराष्ट्रातील दुष्काळात क्रिकेटची मैदाने व खेळपट्ट्यांसाठी होणाऱ्या पाण्याच्या वापरावरून निर्माण झालेला न्यायालयीन व सार्वजनिक वाद होता. या वादामुळे स्पर्धेचे अनेक सामने राज्याबाहेर हलवण्यात आले.

== पार्श्वभूमी ==

सलग दोन वर्षे पाऊस अपुरा पडल्याने २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात तीव्र पाणीटंचाई होती. छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) शहराला पाणी पुरवणाऱ्या पैठणच्या जायकवाडी धरणातून मृतसाठ्यातील पाणी उचलावे लागत होते. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेण्यात आले. पहिली गाडी १२ एप्रिल रोजी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. त्याच वेळी मुंबई, पुणे व नागपूर येथे मिळून स्पर्धेचे २० सामने नियोजित होते.

== न्यायालयीन प्रक्रिया ==

लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. तिन्ही मैदानांसाठी ६० लाख लिटरहून अधिक पाणी लागेल, असा याचिकाकर्त्यांचा दावा होता. पिण्याचे पाणी न वापरता प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने दर्शवली. मात्र १३ एप्रिल रोजी न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर घेण्याचा आदेश दिला. त्याचा परिणाम अंतिम सामन्यासह १३ सामन्यांवर झाला; पुढे १ मे रोजीच्या पुण्यातील सामन्याला अपवाद म्हणून परवानगी मिळाली. आदेशाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. २९ मे रोजी अंतिम सामना बेंगळुरू येथे झाला.

याच काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती व इतर उद्योगांच्या पाणीपुरवठ्यात कपात करण्याचा आदेश दिला.

== परिणाम व मूल्यमापन ==

पाणीवाटपात पिण्याच्या पाण्याला प्रथम प्राधान्य असते, हे तत्त्व या प्रकरणामुळे ठळकपणे चर्चेत आले. सामने हलवण्याच्या विरोधकांचे म्हणणे असे होते की, मुंबई-पुण्यात वाचलेले पाणी मराठवाड्यात पोहोचवण्याची व्यवस्था नसल्याने टंचाईग्रस्तांना थेट लाभ होणार नाही. शिवाय अंतिम सामना ज्या कर्नाटकात झाला, ते राज्यही त्या वर्षी दुष्काळग्रस्त होते. त्यामुळे पाण्याचा वापर थांबण्याऐवजी त्याचे केवळ ठिकाण बदलले, असा आक्षेप घेता येतो.

२०१८ मध्ये चेन्नईचे सामने पुण्यात हलवल्यानंतर गहुंजे येथील मैदानासाठी पवना धरणाचे पाणी वापरण्यास उच्च न्यायालयाने मनाई केली. म्हणजेच दोन वर्षांनंतरही मैदानांच्या पाण्याचा प्रश्न कायम होता.

== व्यापक संदर्भ ==

मोठ्या क्रीडास्पर्धांमुळे पर्यावरणात टिकाऊ सुधारणा होते का, याबाबतचे अनुभव संमिश्र आहेत. लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिंपिकसाठी प्रदूषित औद्योगिक जमीन स्वच्छ करून उद्यान उभारण्यात आले व ते आजही वापरात आहे. याउलट रिओ दि जानेरोत २०१६ च्या स्पर्धेपूर्वी ग्वानाबारा उपसागर स्वच्छ करण्याचे आश्वासन पूर्ण झाले नाही. स्पर्धा संपल्यावरही चालू राहणारी यंत्रणा उभी राहते की नाही, हा या उदाहरणांतील मुख्य फरक आहे.