पाठीचा कणा (मानवी)

कवटीच्या तळापासून माकडहाडापर्यंत शरीराच्या मागच्या बाजूस मध्यरेषेत असलेली मणक्यांची रांग म्हणजे पाठीचा कणा किंवा पृष्ठवंश. डोके, हात आणि धडाचा भार श्रोणीमार्गे पायांवर पोचवणे, धडाला वाकू-वळू देणे आणि मेरुरज्जू सुरक्षित ठेवणे ही त्याची मुख्य कामे. ती एकमेकांच्या आड येतात. भार पेलायला ताठपणा लागतो आणि हालचालीला सैलपणा. ही तडजोड कण्याच्या प्रत्येक भागात निराळी आहे.

गर्भावस्थेत मणके साधारणपणे ३३ असतात : मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५, त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे ४. पुढे त्रिकास्थीचे मणके जुळून एक हाड होते, माकडहाडाचेही बहुधा तसेच. म्हणून प्रौढ कण्यात हाडे २६ मोजतात. माकडहाडाच्या तुकड्यांची संख्या माणसागणिक ३ ते ५ अशी बदलते. प्रौढ पुरुषाच्या कण्याची लांबी सुमारे ७० सेंमी. आणि स्त्रीच्या कण्याची सुमारे ६० सेंमी. असते.

नमुनेदार मणक्याला पुढे भार पेलणारे जाड पिंड आणि मागे हाडाची कमान असते. दोहोंमधल्या पोकळ्या एकाखाली एक येऊन मेरुनलिका बनते. कमानीपासून सात प्रवर्ध निघतात : चार शेजारच्या मणक्यांशी सांधा करणारे, दोन आडवे आणि एक मागे जाणारा कंटकप्रवर्ध. पाठीवरून हात फिरवताना लागतात त्या गाठी कंटकप्रवर्धांच्या टोकांच्या.

मानेचे पहिले दोन मणके मात्र या नमुन्यात बसत नाहीत. पहिल्याला पिंडच नाही, तो नुसते हाडाचे कडे आहे. त्यावर कवटी टेकलेली असते आणि होकारार्थी मान हलते ती मुख्यतः याच सांध्यात. दुसऱ्या मणक्यावर दातासारखा उंचवटा असून त्याभोवती पहिला मणका डोक्यासह फिरतो. मान वळवण्याची जवळजवळ निम्मी क्षमता या एका सांध्यात आहे. गर्भविज्ञानाच्या दृष्टीने हा दंतप्रवर्ध म्हणजे पहिल्या मणक्याचेच पिंड, दुसऱ्याला जाऊन जोडले गेलेले. सातव्या मणक्याचा कंटकप्रवर्ध मानेच्या पायथ्याशी सहज हाताला लागतो, म्हणून डॉक्टर बहुधा तिथूनच मणके मोजू लागतात. जिराफाच्या मानेतही मणके सातच असतात. फक्त एकेक फार लांब.

छातीच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्याने तिथे पुढे-मागे वाकणे मर्यादित असते. कमरेचे मणके आकाराने सर्वांत मोठे. त्यांच्या सांध्यांचे पृष्ठभाग अशा दिशेने असतात, की पुढे-मागे वाकता येते पण पीळ फारसा देता येत नाही. आपण कमरेतून वळतो असे वाटते, तेव्हा बरेचसे वळणे छातीच्या भागात होत असते.

पहिल्या दोन मणक्यांमधली जागा सोडली तर त्रिकास्थीपर्यंत दर दोन मणक्यांमध्ये एक चकती (बोलीत गादी) असते, एकूण २३. बाहेर चिवट तंतूंची वलये आणि आत पाणीदार गर असतो. लागोपाठच्या थरांतले तंतू उलटसुलट तिरके असल्याने चकती पीळ सोसते. प्रौढ चकतीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात, पोषण शेजारच्या हाडांतून झिरपून येते. चकतीची झीज सावकाश भरून येते किंवा येतच नाही, त्यामागे हे मोठे कारण आहे. दिवसभराच्या भाराने तिच्यातले पाणी पिळले जाते आणि संध्याकाळी उंची एक-दोन सेंटिमीटरने घटते. रात्री ती भरून निघते.

‘चकती सरकली’ म्हणतात तेव्हा अख्खी चकती जागा सोडत नाही; बाहेरची वलये फाटून गर बाहेर येतो. कमरेत पिंडांच्या मागून जाणारा अस्थिबंध अरुंद होतो, त्यामुळे गर बहुधा त्याच्या बाजूने मागे-तिरका निसटतो, आणि नेमके तिथेच मज्जातंतूचे मूळ असते. कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांत हे सर्वाधिक घडते आणि कळ पायात उतरते : सायटिका, आयुर्वेदातली गृध्रसी.

बाजूने पाहता कण्याला चार बाक दिसतात. छातीचा आणि त्रिकास्थीचा बाक जन्मापासूनचा. मानेचा बाक मूल मान धरू लागते तेव्हा, तर कमरेचा ते बसू, उभे राहू व चालू लागते तेव्हा ठळक होतो.

मेरुरज्जू कण्याइतका लांब नसतो. वाढीच्या काळात हाडे त्याच्यापुढे जातात; नवजात बालकात तो कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या सुमारास संपतो, प्रौढात पहिल्या-दुसऱ्याच्या. त्याखाली मज्जातंतूंच्या मुळांचा जुडगा लोंबतो, त्याला अश्वपुच्छ म्हणतात. मेरुरज्जूतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. त्यांपैकी मानेच्या आठ आहेत, कारण पहिली जोडी पहिल्या मणक्याच्या वरून बाहेर पडते. पाठीतून पाणी काढताना सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधून घालतात, म्हणजे मेरुरज्जूला धक्का लागत नाही. ही जागा शोधण्यासाठी दोन्ही कमरेच्या हाडांचे वरचे काठ जोडणारी आडवी रेषा धरतात. ती साधारण चौथ्या मणक्यावरून जाते.