चित्रकर्त्या अंबिकाबाई धुरंधर

सन १८६० मध्यें लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीच्या विद्यालयाकडे प्रवेशासाठीं कांहीं रेखाचित्रें आलीं. खालीं सही होती ‘एल. हरफर्ड’. चित्रें पसंत पडलीं, प्रवेश मंजूर झाला आणि मग उलगडा झाला कीं, हा ‘एल.’ म्हणजे लॉरा नांवाची एक बाई आहे! स्त्रियांना मज्जाव असल्याचें नियमांत कोठेंच लिहिलेलें नव्हतें. तशी वेळ येईल हेंच कोणाच्या मनांत आलें नव्हतें. अखेर तिला आंत घ्यावें लागलें. परंतु जिवंत मनुष्यदेह समोर ठेवून अभ्यास करण्याचा वर्ग तेथील स्त्रियांना १८९३ पर्यंत बंदच होता, आणि पॅरिसच्या सरकारी कलाविद्यालयानें तर १८९७ पर्यंत त्यांना दारांत उभें केलें नाहीं. ज्या युरोपाकडून हिंदुस्थानानें ‘कलाशाळा’ ही वस्तु उसनी घेतली, तेथलीच ही स्थिति होती.

महाराष्ट्रांतील स्त्रीच्या हाताला रंग आणि रेषा अपरिचित होत्या असें नाहीं. दाराची रांगोळी, चैत्रगौरीपुढील चैत्रांगण, नागपंचमीला भिंतीवर वा पाटावर काढावयाचे नाग, हें सारें तिचेंच काम. परंतु ही कला आज काढावयाची आणि उद्यां पुसावयाची. तिच्याखालीं सही कधीं कोणी केली नाहीं.

मुंबईची सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा १८५७ सालीं निघाली. तेथें १८९० मध्यें कोल्हापूरचा एक तरुण विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि पुढें शिक्षक होऊन १९३१ मध्यें सेवानिवृत्त होईपर्यंत तेथेंच राहिला. हेच रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर. त्यांच्या एकेचाळीस वर्षांच्या कलाजीवनांत स्त्री हा विषय सतत आढळतो. १९२० मध्यें ऑटो रॉथफील्ड यांचा हिंदी स्त्रियांवरील इंग्रजी ग्रंथ निघाला, त्यांतील चित्रें धुरंधरांचींच होतीं. निरनिराळ्या जातींच्या आणि प्रांतांच्या स्त्रिया, त्यांचीं लुगडीं, त्यांचे दागिने, त्यांची चालण्याची ढब हें सर्व त्यांनीं मोठ्या प्रेमानें टिपिलें. कलाशाळेंत स्त्रीचें स्थान बहुतांशीं हेंच होतें. ती चित्रांत असे. चित्रापुढें घोडी मांडून बसणारा पुरुष असे.

त्यांच्या कन्या अंबिकाबाई यांचा जन्म ४ जानेवारी १९१२ चा. रंगाची पेटी त्यांना खेळण्यासारखी घरांतच मिळाली. पुढें त्यांनीं वडिलांच्याच कलाशाळेंत रीतसर शिक्षण घेतलें आणि १९३१ मध्यें पदविका मिळविली. वडिलांची नोकरी संपली तेंही हेंच वर्ष. जिवंत नमुन्यावरून अभ्यास करण्याचा वर्ग कॅप्टन सॉलोमन यांनीं या शाळेंत १९१९ च्या सुमारास सुरू केला होता. तेव्हां ज्या काळांत मुलीचें लग्न हाच बहुतेक घरांतला मुख्य विचार असे, त्या काळांत आपली मुलगी तेथें पाठविणें ही बापाच्या दृष्टीनेंहि लहान गोष्ट नव्हती.

चित्रकाराच्या मुलीला चित्रकार होणें सोपें, असें कोणी म्हणेल. तें अर्धेंच खरें आहे. सतराव्या शतकांतील इटालीची आर्तेमिझिया जेंतिलेस्की चित्रकाराचीच मुलगी होती. रविवर्म्यांची बहीण मंगळाबाई भावाच्या सहवासांत चित्रें काढूं लागली. अंबिकाबाईंच्या समकालीन अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) याहि त्याच शाळेंतले शिक्षक आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांच्या कन्या. पुढें या गोमंतकीय चित्रकर्तीनें मेरीमातेला साडी नेसवून ख्रिस्ती चित्रकलेला हिंदी रूप दिलें. बाहेरचीं दारें बंद असलीं कीं घरांतल्या दारानेंच जावें लागतें, एवढाच याचा अर्थ.

अंबिकाबाईंनीं पौराणिक आणि ऐतिहासिक प्रसंग रंगविले, व्यक्तिचित्रें काढिलीं, वडिलांबरोबर संस्थानांतून प्रवास केला. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्‌सचें सदस्यत्वहि त्यांना मिळालें. त्या अविवाहित राहिल्या. चित्रें काढणें ही लग्नाआधींची हौस समजणाऱ्या समाजांत त्यांनीं तें आयुष्यभराचें काम मानिलें.

त्यांच्या शैलीबद्दल मात्र मतभेद होईल, आणि तो व्हावा. अमृता शेरगिल त्यांच्याहून एक वर्षानें लहान. स्त्रियांना उशिरां उघडलेल्या पॅरिसच्या त्याच विद्यालयांत ती शिकली आणि शिकविलेलें बरेंचसें टाकून परतली. १९३७ मध्यें बाँबे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक तिला मिळालें आणि १९४१ मध्यें, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, ती गेली. अंबिकाबाईंनीं वडिलांची रेषा सोडली नाहीं. १९४७ मध्यें मुंबईंत प्रोग्रेसिव्ह चित्रकारांचा गट निघाला, अभिरुचि बदलली, आणि धुरंधरी वास्तववाद जुना वाटूं लागला. वडिलांच्या छायेंत राहिल्यामुळें अंबिकाबाईंचा स्वतंत्र रंग पुरता उमलला नाहीं, असें म्हणण्यास जागा आहे. परंतु जिच्या जगण्यांतच एवढें बंड होतें, तिच्याकडे चित्रांतहि बंडच मागावें काय, हा प्रश्न उरतो.

महादेवराव १ जून १९४४ रोजीं वारले. त्यानंतर चौसष्ट वर्षांहून अधिक काळ अंबिकाबाई जगल्या. खारच्या ‘अंबासदना’ंत त्यांनीं वडिलांचीं चित्रें जपलीं. मुंबईची दमट हवा आणि वाळवी यांपासून कागद आणि कापड राखणें हें किती जिकिरीचें असतें, तें ज्यानें केलें त्यालाच कळावें. ३ जानेवारी २००९ रोजीं, सत्त्याण्णव वर्षें पुरीं होण्यास एकच दिवस उरला असतां, त्या निवर्तल्या. ‘माझी स्मरणचित्रे’ हें त्यांचें आत्मकथन पुढच्या वर्षीं, १९४० च्या वडिलांच्या आत्मचरित्रानंतर सत्तर वर्षांनीं, प्रसिद्ध झालें.

खारमधील एका रस्त्याला ‘चित्रकार धुरंधर’ असें नांव आहे. तें महादेवरावांच्या स्मरणार्थ दिलें, हें उघड आहे. पण त्या नांवांत नुसतें आडनांव आहे, आणि त्या आडनांवाचे चित्रकार त्या घरांत दोन होऊन गेले.