राजधानीचें दर्शन : रोम, कोल्हापूर आणि हेलसिंकी

परदेशची राजधानी पाहावयास जाणारा मनुष्य बहुधा चार दिवसांचाच पाहुणा असतो. राजवाडा, प्रार्थनामंदिर, वस्तुसंग्रहालय व बाजार एवढें पाहून तो परत फिरतो; आणि घरीं आल्यावर चार चित्रांच्या कार्डांपलीकडे त्या प्रवासाचें फारसें कांहीं उरत नाहीं. परंतु क्वचित् असें घडतें कीं, एकानें परक्या राजधानींत पाहिलेली वास्तु मायदेशीं निराळें रूप घेते, आणि त्या वास्तूच्या छायेंत वाढलेला दुसरा कोणी त्याहूनहि दूरच्या राजधानींत जाऊन देशाचें नांव करितो. महाराष्ट्राच्या मल्लविद्येच्या इतिहासांत असा एक धागा सांपडतो.

इ. स. १९०२ मध्यें बादशहा सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहण-समारंभासाठीं कोल्हापूरचे राजर्षि शाहू छत्रपति विलायतेस गेले. त्या प्रवासांत रोम येथील प्राचीन रंगमंडल त्यांच्या पाहण्यांत आलें, आणि करवीरांतहि कुस्त्यांसाठीं असें मैदान असावें ही कल्पना त्यांना तेथेंच सुचली, असें सांगतात. १९१२ सालीं खासबागेचें मैदान तयार झालें. मध्यभागीं लाल मातीचा हौद, आणि सभोंवार चढत गेलेली प्रेक्षकांची बैठक. मागच्या मनुष्यासहि कुस्ती स्पष्ट दिसावी अशी त्याची रचना आहे. रोममध्यें ज्या प्रकारच्या वास्तूंत माणसें प्राणांस मुकत, त्याच प्रकारच्या वास्तूंत येथें माणसें अंग कमावूं लागलीं. पाहणारा डोळस असला म्हणजे सहल देखील अशी फळास येते.

कराडजवळील गोळेश्वर या खेड्यांत १५ जानेवारी १९२६ रोजीं खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः मल्ल. त्यामुळें आखाडा हीच मुलाची पहिली शाळा. पुढें खाशाबा कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत शिकूं लागले. १९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या साह्यानें ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले आणि सर्वांत हलक्या वजनाच्या गटांत सहावे आले. हौदांतील कुस्तींत प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीस लागली कीं निकाल होतो. गादीवरील कुस्तींत मात्र प्रत्येक पकडीचा हिशेब गुणांनीं मांडिला जातो. मातीवर वाढलेल्या पायांना ती मऊ गादी परकी होती. हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या सहाव्या क्रमांकाचें मोल कळतें.

पुढील सामने १९५२ सालीं फिन्लंडची राजधानी हेलसिंकी येथें भरावयाचे होते. प्रवासाचा खर्च मोठा, आणि घरची स्थिति बेताची. गांवकऱ्यांनीं वर्गणी केली. परंतु खरा भार उचलला तो राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं. आपलें राहतें घर गहाण ठेवून त्यांनीं सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत कोल्हापुरांत आजहि आदरानें सांगतात. शिष्यासाठीं घर गहाण ठेवणारा गुरु ज्या गांवांत निघतो, त्या गांवाला श्रीमंत म्हणावें कीं गरीब?

भूगोलाच्या काटेकोर व्याख्येनें फिन्लंड हा स्कँडिनेव्हियांत मोडत नाहीं. तथापि इतिहासानें तो त्या उत्तरेकडील देशांशीं घट्ट बांधलेला आहे. हेलसिंकी हें शहर १५५० मध्यें स्वीडनचा राजा गुस्ताव वासा यानें वसविलें. १८१२ सालीं रशियाच्या अमलांत त्यास राजधानीचा मान मिळाला, आणि १९१७ च्या डिसेंबरांत देश स्वतंत्र झाला. १८५२ सालीं पुरें झालेलें शुभ्र महामंदिर तेथील मुख्य चौकावर उभें आहे, आणि बंदराच्या तोंडाशीं बेटांवर जुना सागरी किल्ला आहे. जुलै महिन्यांत आपल्या जुहूच्या किनाऱ्यावर सायंकाळीं सव्वासातच्या सुमारास सूर्य समुद्रांत बुडतो आणि पाहतां पाहतां अंधार पडतो. हेलसिंकीस त्याच दिवसांत, त्या वेळच्या घड्याळाप्रमाणें, सूर्यास्तास रात्रीचे नऊ वाजून जात. आणि त्यानंतरहि पहांटेपर्यंत पुरता काळोख होत नसे.

१९४० सालचे सामने याच शहरांत व्हावयाचे होते. परंतु महायुद्धामुळें ते झाले नाहींत. १९३८ सालीं बांधलेलें, सुमारें ७२ मीटर उंच मनोऱ्याचें क्रीडांगण खऱ्या सोहळ्याची वाट पाहत राहिलें. युद्धानंतर रशियास द्यावयाचा दंड या लहानशा राष्ट्रानें काटकसरीनें भरीत आणिला, आणि तें देणें १९५२ सालींच फिटलें. त्याच वर्षीं १९ जुलै रोजीं विख्यात धांवपटु पावो नुर्मी ज्योत घेऊन मैदानांत आला, तेव्हां त्या राष्ट्रास काय वाटलें असेल याची कल्पना करितां येते.

खाशाबांनीं ५७ किलो वजनाच्या गटांत कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस हरविलें. पुढें जपानच्या इशी याच्याशीं दीर्घ झुंज झाली व ती त्यांनीं गमावली. त्या कुस्तीनंतर लगोलग त्यांना सोव्हिएट मल्लासमोर उभें करण्यांत आलें, असें सांगतात. दोन कुस्त्यांमध्यें अर्ध्या तासाची विश्रांति मिळण्याचा नियम होता. परंतु तो पंचांपुढें मांडावयास भारतीय संघाचा कोणीहि अधिकारी त्या वेळीं जवळ नव्हता. थकलेला मल्ल हरला. इशीला सुवर्णपदक मिळालें, आणि २३ जुलै रोजीं खाशाबांच्या हातीं कांस्यपदक आलें. त्याच सामन्यांत महाराष्ट्राचेच केशव माणगांवे वरच्या वजनाच्या गटांत चौथे आले. त्यांचें पदक थोडक्यांत हुकलें. अंगीं बळ असून चालत नाहीं, नियम जाणणारा मनुष्यहि पाठीशीं असावा लागतो, हा धडा हेलसिंकीनें शिकविला.

स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें हें पहिलें ऑलिंपिक पदक. दुसरें मिळण्यास १९९६ साल उजाडावें लागलें. खाशाबा परतले तेव्हां कराडहून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनीं कुस्त्यांचे फड भरविले आणि त्या उत्पन्नांतून प्राचार्यांचें घर सोडविलें, असें सांगतात. १९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार म्हणून रुजू झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. सरकारचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या नांवें जाहीर झाला तो त्यानंतर कित्येक वर्षांनीं.

राजर्षींनीं रोमहून एक कल्पना आणिली, आणि खाशाबांनीं हेलसिंकीहून एक पदक. कल्पनेचें मैदान झालें, तें आजहि गजबजतें. पदकाचें चीज करण्यास मात्र आपण फार वेळ लाविला. पुढें परदेशच्या राजधानीस जाणाऱ्या खेळाडूबरोबर जो अधिकारी जाईल, त्यानें महामंदिर व किल्ला अवश्य पाहावा. परंतु कुस्तीच्या वेळीं मात्र गादीजवळच असावें.